उरलेली पिशवी

नर्स म्हणाली, "मिकामीसान, नाव तुमच्याच हातानं लिहा,
ऐन वेळी घोळ नको."
मिकामी साएको. थंडीनं पेन अडखळत होतं.
बागेच्या कर्जावर सही केली होती,
नोबुहिकोच्या अस्थींच्या पावतीवर केली होती;
माझ्या स्वतःच्या मालावर ही पहिलीच.

फेब्रुवारीतला मंगळवार. हिरोसाकीभर बर्फ.
मूठ मिटा, उघडा, मिटा.
चारशे मिली, म्हणजे साकेची अर्धी बाटली आणि वर एक घोट.
नळी मनगटाला टेकली तेव्हा कळलं
आत मी एवढी कोमट आहे.

सून म्हणाली, "देणाऱ्याही तुम्ही, घेणाऱ्याही तुम्ही,
मग हिशेब कोण ठेवणार?"
हातउसनं आहे, मी म्हटलं. महिन्याच्या बोलीवर.

मग लोहाच्या गोळ्या, खिळा चाटल्यासारखी जीभ,
दोन आठवड्यांनी दुसरी पिशवी.
रात्री आठवायची मला ती:
चार अंशांवर, फळीवर, परक्या नावांच्या शेजारी,
शीतगृहातल्या आमच्या सफरचंदांसारखी
कुणी मागेपर्यंत गप्प.

खुब्यात नवा सांधा बसला.
शुद्धीवर येताना पाहिलं,
दांडीला पहिली पिशवी, तिच्यावर माझी सही, उलटी लटकलेली,
आणि थेंब थेंब मी माझ्याकडे परत येत होते.

"दुसरी लागलीच नाही," डॉक्टर खुशीत होते.
मग द्या ना कुणाला.
पलीकडच्या खाटेवरची पोर पांढरीफटक पडलीय.
"तसं चालत नाही. ती फक्त तुमची."

चाळीस वर्षं त्या बागेत रक्ताचं पाणी केलं,
तेव्हा कुणाचं म्हणून कुणी विचारलं नाही.
आता रक्त रक्तच राहिलं
तर कुणालाच चालेना.

मुदतीची तारीख विचारून ठेवली होती. चोवीस मार्च.
काठी टेकत बागेच्या कडेपर्यंत गेले.
बुंध्यांभोवतीचा बर्फ आधी वितळतो,
प्रत्येक झाडापाशी एक गोल खड्डा, तळाशी ओली माती.
मुलगा शिडीवर छाटणी करत होता,
मी खालून शिडी धरली.
अकरा वाजले असतील.
तिकडे कुणीतरी माझं नाव वाचलं असेल,
यादीवर खूण केली असेल,
झाकण उघडलं असेल.

"आई, बसा आता," सून ओरडली.
बसते गं.
जरा उभी राहू दे.