आंब

टोल्यूइनची बाटली दिवाळीतच संपली.
नागपूरचा पुरवठादार म्हणाला, आधी मागचं बिल.
म्हणून पाणी.
समुद्रपूरच्या कॉलेजात नळ नऊपर्यंत चालतो,
मी पाच लिटर झाकून ठेवते.

बेन्झाल्डिहाइड पाण्यात मिसळत नाही,
बदामाचा वास सांभाळत कडेला बसतं
पंगतीत ओळख नसलेल्या पाहुण्यासारखं.
इंडोलचं निराळंच :
कणभर असलं तर मोगरा, चमचाभर असलं तर उकिरडा.
तासभर ढवळलं दोघांना. बोलेनात.

ढोण्यांची करुणा म्हणाली,
मॅडम, आंब टाकून पाहाची काय?

पौषात, हरभरा घाट्यावर यायच्या आधी,
तिची माय रात्री वावरात जुनं धोतर अंथरते.
दव पडतं,
पानांच्या लवेतली आंबटाई कापडात उतरते,
पहाटे पिळून बाटलीत.
पोट दुखलं की चमचाभर, एवढंच तिचं काम आजवर.
पिळताना भेगांना झोंबते.
मॅलिक, ऑक्झॅलिक, मी फळ्यावर लिहिते.
करुणा उतरवून घेते
आणि स्वतःचा तळहात बघते.

दोन मिली.
लाइट गेली, मग काचकांडीनं, पाळीपाळीनं.
अर्ध्या तासात पाणी गढूळ,
मग गुलाबी,
मग गाळणकागदावर ओला गुलाबी चुरा.
वाळवून तोलला : ब्याऐंशी टक्के.
खालच्या पाण्यात लिटमस बुडवला, तांबडा.
सोयरीक जुळवून
आहेर न घेता आंब परत आलेली.

तेच पाणी पुन्हा. एक्क्याऐंशी.
पुन्हा. अठ्ठ्याहत्तर.
चौथ्यांदा साठ, पाचव्यांदा एकेचाळीस.
उत्प्रेरक शेवटी होता तसाच उरतो,
असं मी जूनमध्ये शिकवलं होतं.
"थकते ना मॅडम. माय म्हणते,
धोतर पाचदा पिळलं का मंग निस्तं पाणीच."
वाक्य मी खोडलं नाही.
शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, बारीक.

वर्ध्याहून परीक्षक आले.
बाटली उजेडात धरली.
चिठ्ठीवर कंपनी नाही, शुद्धतेचा आकडा नाही,
फक्त : ढोणे यांचे वावर, पांदणीकडची बाजू, दव भरपूर.
त्यांनी बूच काढलं. वास घेतला.
इकडंतिकडं पाहिलं
आणि करंगळी बुडवून जिभेला लावली.

"सर," करुणा कडाडली,
"लॅबमंधी चाखाचं नाही!"