जातीचा रकाना

चरावण्याच्या वर डांबर संपतं,
तिथून धनगरवाड्यापर्यंत पाऊण तास चढ.
वाळपईच्या गुरांच्या दवाखान्यातला मी शिपाई,
खांद्याला पिशवी, पिशवीत चिमटा.

तेव्हा लिहायचो, जात: गावठी.
दूध दीड शेर. शेरा: निरुपयोगी.
साहेब म्हणायचे, असले खोंड मोकळे राहिले
तर जर्सीचं रक्त पातळ होईल.
मी चिमटा दाबायचो.
ओली शेंग मोडावी तसा आवाज.
एकशे चाळीसपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं.

धाकू झोरेचा एक बैल होता, पांढरा.
पांढरा म्हणजे पापण्यांसकट.
आम्ही पोचलो की तो नसायचा.
बमी, धाकूची बायको, ताकाचा तांब्या पुढे करायची:
"बैल? वाघानं नेला की."
सलग तीन वर्षं वाघानं तोच बैल नेला.
मी ताक प्यायचो.
करवंदीच्या जाळीमागे कुणीतरी
शेपटीनं माश्या वारत असायचं.
रजिस्टरात मी लिहिलं: मृत.

जर्सी आल्या.
त्यांना पंखा लागला, पेंड लागली,
मग गोचीड लागली, ताप लागला.
श्रावणात खुरं कुजली.
योजनेची पत्र्याची पाटी तेवढी टिकली,
कोंबड्यांच्या खुराड्यावर.

आता माझं एक वर्ष उरलंय.
साहेब नवे, पिशवीत टेप.
वशिंड मोजा, शिंग मोजा, पापणीचा रंग लिहा.
कर्नालहून कागद आलाय:
ही गाय म्हणजे श्वेत कपिला.

धाकू नाही. त्याचा लखू गाय धरून उभा.
"म्हणजे हिला जात मिळाली?"
मिळाली, म्हटलं.
"आमचा कागद आज्यापासून दिल्लीत फिरतोय,"
तो गाईच्या कानामागे खाजवत म्हणतो,
मला नाही, तिलाच.

साहेब विचारतात, शुद्ध वळू कुठं मिळेल?
बमीच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलंय.
माझ्या खोकल्याच्या रोखानं ती मान वळवते.
"ह्यांना विचारा.
मेला म्हणून ह्यांनीच लिवलंय."

आणि भिंत चाचपत आत जाते,
ताक आणायला.