सहावं पातं

दाल्काउएच्या धक्क्याला ओहोटी लागली
की नावा चिखलात कुशीवर निजतात.
भरती यायच्या आत काम उरकायचं असतं.
एदुबिना मावशी इंजिनाच्या खोलीत उतरते:
आधी पाय, मग शिव्या, शेवटी केस.
मी वर झाकणाशी, बॅटरी धरून.

काल खाडीच्या तोंडाशी,
शिंपल्यांची पोती काठोकाठ,
तेव्हा काटा नव्वदीच्या पुढं सरकला.
मावशी काट्याकडं बघत नव्हती, तिचा कान मागं.
खोकला कोरडा झालाय, म्हणाली,
आणि किल्ली फिरवून गप्प केलं इंजिन.
नाहुएलकिनच्या पोरानं दोर टाकून ओढत आणलं आम्हाला
आणि वाटेत दहादा विचारलं, काय झालं.

आता गाळणी उघडते ती.
समुद्रशेवाळाचा बोळा, जेलीफिशचं चिकट,
सोड्याच्या बाटलीचं लेबल.
बादलीत.
एवढ्यानं भागत नाही, म्हणते,
आणि पंपाचे सहा स्क्रू माझ्या टोपीत टाकते.

आत रबराचं काळं फूल.
मोज.
पाच पाती.
परत मोज.
पाचच.
मग सहावं कुठंय?

खोक्यात नवं आहे की, मी म्हणालो,
ते बसवू आणि सुटू.
खालून बराच वेळ काही आलं नाही.
मग : हेच ओसिएल म्हणायचा.

ओसिएल, तिचा नवरा.
त्याच्या पोटातलं पाणी कधी हललं नाही,
बँकेचा माणूस दारात आला तेव्हा नाही,
डॉक्टरनं कागद पुढं केला तेव्हाही नाही.
माणसाचं ठीक आहे, मावशी म्हणते,
इंजिनाच्या पोटातलं पाणी हलायलाच हवं.
खारं बाहेरून, गोडं आतून,
दोघांनी एकमेकांना न शिवता
उष्णता तेवढी द्यायची-घ्यायची.
आमचं उलटं होतं, म्हणाली. पुढं काही नाही.

हीट एक्स्चेंजरची दोन्ही टोकं उघडली.
नळ्यांचं पोळं, तोंडांवर पांढरा क्षार.
जस्ताची कांडी खडूच्या तुकड्याएवढी उरलेली.
मला वाटलं आता ती काही बोलेल,
झिजण्याबद्दल, दुसऱ्यासाठी वगैरे.
ती म्हणाली, नवी दे.

लुमाच्या लाकडाची बारीक काठी
एकेका नळीतून सारत गेली.
तिसऱ्या ओळीत सापडलं : सहावं पातं,
काळं, लवचीक, कालचंच.
चला, मी म्हणालो.
ती थांबेना.
आणखी खाली काठी अडली.
चिमट्याला लागलं एक दुसरं,
राखाडी, चामड्यासारखं कडक,
आणि त्याच्या मागं तिसरं,
हिरवट मीठ चढलेलं.

ही आत्ताची नव्हती.
त्यानं दोन हिवाळे फुलं बदलली होती
आणि एकदाही मोजलं नव्हतं.
तो जाऊन पाच वर्षं झाली;
पाच वर्षं ही नाव थोडी गरमच चालत होती
आणि आम्ही म्हणायचो, म्हातारी झाली.

मावशीनं ती दोन पाती तळहातावर घेतली.
एक शिवी दिली त्याला,
इतकी घाणेरडी आणि इतक्या मऊ आवाजात
की मी बॅटरी बादलीकडं वळवली.

नवं फूल ग्लिसरीन लावून बसलं,
त्याआधी दोनदा मोजलं, मी एकदा, तिनं एकदा.
सील बदललं. पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला.
वरच्या टाकीत गोडं पाणी, हिरवं कूलंट.
टाकीचं झाकण तापलेलं असताना कधी उघडू नकोस,
तिनं मनगटावरचा जुना डाग दाखवला,
जणू तो मी पहिल्यांदाच बघत होतो.

भरती आली तेव्हा खांबांवरच्या घरांतून
ओल्या लाकडाचा धूर येत होता.
नाव आधी एका बाजूनं उठली, मग दुसऱ्या.
समुद्राचा व्हॉल्व्ह उघडला का, तिनं विचारलं.
उघडला.
परत बघ.
उघडाच होता. तरी मी हात लावून आलो.

किल्ली.
धूर. काहीच नाही. धूर.
माझ्या घशाला कोरड.
मग मागून थुंकलं ते,
पाणी, धूर, पाणी,
दम्याच्या म्हाताऱ्याचा ओला, भरघोस खोकला.
काटा ब्याऐंशीवर जाऊन बसला.

जुनी पाती तिनं पाण्यात टाकली नाहीत.
कुठं ठेवली, मी विचारलं नाही.
टोपी डोक्यावर घातली तेव्हा
एक स्क्रू उरलेला टोचला.