फरीथी

फतेगंजात, चर्चच्या मागच्या गल्लीत,
दर गुरुवारी साडेसहाला
मी वीज कंपनीची बॅग पायरीवर ठेवतो
आणि चपला काढून
फ्रेनी मिसच्या पियानोपाशी बसतो.
वय सत्तेचाळीस.
माझ्या आधीची विद्यार्थिनी नऊ वर्षांची,
तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत,
माझी बोटं सुरांपर्यंत.

पियानोचे दोन सूर मुके आहेत,
मंद्र पंचम आणि त्याच्या शेजारचा काळा.
तिथं मनात वाजवायचं, असा या घरचा नियम.

मिस शिकवतात: सोनाटात विषय दोन.
पहिला घरच्या सा मध्ये उभा.
दुसरा येतो तो पंचमालाच सा मानून,
वेगळ्या पेठेतला, वेगळ्या चालीचा.
मग मधल्या भागात दोघांच्या चिंध्या होतात,
छपरावर कुणी ओरडतं, काप्यो छे!
आणि मांजा कुणाचा, पतंग कुणाचा, काही कळेनासं होतं.
शेवटी दोघं परततात,
पण आता दुसराही घरच्याच सा मध्ये बोलतो.
"म्हणजे घरजावई," मी म्हणतो.
मिस हसत नाहीत.
"फरीथी," म्हणतात.
मी पुन्हा पहिल्या मात्रेपासून.

परीक्षेच्या पुस्तकात हायडनचं एक पान आहे.
नोकरीच्या करारात लिहिलेलं:
पांढरे मोजे, स्वच्छ सदरा, केसांना पावडर,
रोज दुपारच्या आधी आणि दुपारच्या नंतर
बाहेरच्या दालनात उभं राहून विचारायचं,
महाराजांना आज संगीत हवंय का?
पुस्तकाला याची थोडी लाज वाटते,
ते घाईनं पुढच्या परिच्छेदात जातं.
मला नाही वाटली.
आमच्या पणजोबांचा फोटो असाच आहे,
दौलतराव पिसाळ, राज्याचा बँड,
गळ्यापर्यंत बटणं, हातात क्लॅरिनेट,
चेहरा हुकुमाची वाट बघणारा.

राज्य गेलं तेव्हा वाद्य जमा करून पावती घेतली.
घरी राहिली एक वही.
देवनागरीत सुबक अक्षर:
"हेडन साहेब. धीमे. दुसरी क्लॅरिनेट."
खाली ओळीनं
थांब आठ. प प प. थांब आठ. प प, सा. थांब सोळा.
वडिलांना वाटायचं, हेडन कँपातला कुणी कप्तान असावा.
काका म्हणायचे, प्राणायामाची वही आहे,
आणि काही दिवस त्यांनी तसा केलाही.

पुण्याचा मामेभाऊ माझं मराठी ऐकून विचारतो,
तू नक्की आपल्यातला ना?
रावपुऱ्यात सेवउसळवाला चार पिढ्यांनंतरही
मला बघून आपलं तोडकं मराठी काढतो.
मी दोघांना उत्तर देतो,
पंचमाला सा मानून.
सवय आहे. जीभ आपोआप पट्टी बदलते.
घरची कुठली, हे मात्र
पेपरात एका मार्काला विचारलं
तर मी जागा मोकळी सोडीन.

काल ती वही मिसला दाखवली.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ बोटानं मोजलं,
थांब आठ, थांब आठ,
मग कपाटातून एक पिवळं पुस्तक काढलं
आणि उजव्या बाजूला बसल्या.
"तू तारा पणजोबाचं वगाड," म्हणाल्या. "वरचं मी."

आठ मात्रा थांबलो.
आयुष्यात पहिल्यांदा कळलं
की त्या थांबण्यात केवढं काय काय चाललेलं असायचं,
फ्लूट, व्हायोलिनं, दुसरा विषय,
कमाटीबागेतली रविवारची संध्याकाळ, खुर्च्यांवरची माणसं,
आणि तो मागच्या रांगेत, ओठ ओले करून,
सहा... सात...
आपल्या तीन पंचमांची वाट बघत.

माझी पाळी आली. मंद्र प.
नेमका मुका सूर.
लाकडावर लाकूड, ठक, ठक, ठक.
मिस वरचं वाजवत राहिल्या,
मी थांबलो नाही, मनात लावला.

दारात पुढचा मुलगा आला होता,
सायकलची घंटी वाजवत, बेसुर.
मिसनी पान उलटलं नाही.
"फरीथी."