सपाट

उद्यमबागेतली भट्टी रात्री दहाला विझली की आमचं सुरू व्हायचं.
दिवसा शेजारच्या शेडमध्ये हॅमर पडतो,
त्याचा दणका जमिनीतून येऊन
कॅमेऱ्याच्या तिन्ही पायांत चढतो.
प्रोजेक्टर चाळीस मिनिटं आधी लावून ठेवायचा.
थंड भिंगाचं माप खोटं.

प्रोजेक्टरला डोळा नाही.
तो पट्टे फेकतो, आधी रुंद, मग बारीक, मग केसाएवढे,
कुठे पडले ते त्याला ठाऊक नसतं.
म्हणून कॅमेऱ्याला विचारायचं,
ह्याला दिसत असतं तर हा कोपरा
ह्याला कुठे दिसला असता?
आणि लिहून घ्यायचं.
चौकटींचा फळा तिरका, आडवा, जवळ, लांब.
वीसदा.

शिवलीला आकडे कानडीत पुटपुटते.
शून्याला सोन्ने.
मी मराठीत ऐकून वहीत उतरवतो.
तीन रात्री तीच चूक, पाऊण पिक्सेल.
पंपाचं केसिंग पांढरी भुकटी लावून
तोंड रंगवलेल्या नटासारखं थांबलेलं,
पडदा काही उघडेना.

केबल बदलली. टेबलाखाली रबर घातलं.
एकदा एकमेकांवरही घसरलो.

भरमाण्णा वॉचमन, वीस वर्षं इथेच लाकडी पॅटर्न करायचा.
चहा ठेवता ठेवता फळ्यावर तळहात फिरवला:
"प्लायवूड फुगलंय की वो. कागदभर बाक आहे मधी."

खडेबाजारात छापलेल्या चौकटी
आम्ही सरळच धरून चाललो होतो.
जग वाकडं येतंय म्हणून
जगालाच वीसदा तपासत होतो.

काच पाहिजे. रात्री साडेअकराला कुठली?
"मोठ्या मालकांच्या फोटोची," म्हणाला,
आणि मी नको म्हणेपर्यंत
फ्रेमचे खिळे त्याच्या ओठांत होते.

एक वाजून दहा.
शिवलीला बोललीच नाही,
स्क्रीन माझ्याकडे वळवली.
सोन्ने, मग टिंब, परत सोन्ने, मग नऊ.

सकाळी हार घालणाऱ्या पोऱ्याने विचारलं, काच?
चौकटी घट्ट चिकटलेल्या, परत द्यायची कशी.

तेव्हापासून मालक बिनकाचेचे.
इतकी वर्षं त्यांच्या तोंडावर
समोरची ट्यूबलाइटच दिसायची.
आता गालावर देवीचे वण दिसतात,
खोल, एकेक.

"होते की," भरमाण्णा म्हणाला,
"आम्हाला ठावं होतं."