शुक्रवारी

सायकल मोफज्जलची. तो कायमचा चितगावला गेला
तेव्हा अकरा दिनारला माझ्याकडे आली.
मडगार्डवर त्यानं मुलीचं नाव रंगवलंय, बंगालीत.
मला वाचता येत नाही. पुसलंही नाही.

पहाटे सव्वाचारला निघतो.
उन्हाळ्यात इथं रात्रीलाच घाम फुटलेला असतो:
हँडल ओलं, ब्रेक ओले,
खोलीचं दार उघडलं की चष्मा आंधळा.
सीटला जुना टॉवेल गुंडाळलाय,
नाहीतर दुपारी परतताना तव्यावर बसावं लागतं.
साखळीला शिवणयंत्राचं तेल. खारी हवा
लोखंड कुरतडते, उंदरासारखी, रोज थोडं.

मुहर्रकच्या गल्लीत खुबूसची भट्टी पेटलेली.
पीठ थापटणारा पठाण पोरगा
मान वर न करता ओरडतो, "ओ सैकल!"
मी घंटी वाजवतो. चार वर्षं
आमचं एवढंच बोलणं.

मग विमानतळाची जाळी, लांबच लांब.
विमानं डोक्यावरून उतरतात, इतकी खाली
की पोटावरचे रिबिट मोजावेत.
मी वेल्डर. मी पोटंच बघत आलोय,
जहाजांची, टाक्यांची.
खिडकीतून कुणी खाली पाहिलंच
तर त्याला दिसत असेल एक लाल ठिपका
हिद्दच्या दिशेनं
मुंगीच्या बेतानं सरकणारा.

मार्चात फोरमननं बसमध्ये जागा दिली.
दोन दिवस गेलो.
थंडगार बस, काचेला डोकी टेकून झोपलेली माणसं.
मी पोचलो, पण गेलो असं वाटलं नाही.
तिसऱ्या दिवशी पुन्हा हवा भरली.
भूममध्ये दूधवाला कॅन उतरवायचा
तेवढ्या पाच मिनिटांत
त्याच्या सायकलवर कैची शिकलेला मी,
मला बसवून नेणारं काहीच मानवत नाही.

गुरुवारी रात्री कॅरम.
बोरिक संपली की मैदा भुरभुरतो,
राणी घेऊन कव्हर चुकलं की
सात देशांतल्या शिव्या एकदम कळतात.
आणि शुक्रवारी कुंजुमोनबरोबर गळ टाकायचा.
आमच्या घरी मासा चालत नाही,
समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो विमानातून,
वाटलं, यंदा तलाव बरा भरलाय.
मला मिळालेला मासा कुंजुमोनचा.
माझा फक्त दोर, आणि दोराच्या त्या टोकाला
काय आहे ते माहीत नसणं.

गेल्या शुक्रवारी
इस्त्रीचा शर्ट, कॅरियरला बादली,
निघालो समुद्राकडे.
डोक्यात काहीतरी चाललं होतं. सुलभानं
गच्चीवर पत्रे टाकायचा हिशोब पाठवला होता, तेच बहुतेक.
भानावर आलो तेव्हा समोर यार्डचं गेट.

पायांना वार कळत नाही.

टेकबहादूर चौकीतून बाहेर आला.
"छुट्टी है दाजू," म्हणाला, आणि इतका हसला
की टोपी पडली.
मग स्टोव्ह पेटवला. चहा झाला.
रंगाचे रिकामे डबे पालथे घालून बसलो दोघं.
गोदीत ते जहाज उभं होतं, सहा आठवडे मी ज्याच्या पोटाशी.
ग्राइंडर नाही, क्रेन नाही,
कुठंतरी एक नळ ठिबकत होता.
मास्क नसताना मी ते पहिल्यांदाच पाहत होतो.
माझा जोड कोणता, शोधायला लागलो.
सापडला.
डावीकडे जरा वाकडा गेलाय.
बाकी सरळ, कुणी सावकाश टीप घातल्यासारखा.
टेकबहादूरला दाखवला.
त्याला काही दिसलं नाही. तरी म्हणाला, चांगलाय.

समुद्रावर पोचलो तर ऊन कलायला आलेलं.
कुंजुमोन म्हणाला, कुठं होतास?
कामावर.
ओव्हरटाइम?
नाही, सहज. बघायला.
त्यानं माझ्याकडे बघितलं, आमिषाचा डबा सरकवला,
एक साफी काढून बादलीत टाकला.

माझा दोर अजून ढिलाच होता.
मागं भिंतीला टेकवलेल्या सायकलचं पुढचं चाक
वाऱ्यानं थोडं फिरायचं, थांबायचं,
परत फिरायचं.