दोन बोटं पाणी

भिंतीला चौथ्यांदा रंग दिला तरी ती रेघ वर येतेच,
माझ्या खांद्याच्या उंचीवर,
चहा सांडून वाळल्यासारखी.
ब्लाऊजचं माप देता देता गिऱ्हाइकं तिच्याकडं बघतात,
"एवढं आलं होतं?"
मी तोंडातल्या टाचण्या न काढता मान हलवते.

या वर्षी ठरवलं, रंग नको. झाडं.

भरतेशनं ड्रिल लावलं तर भिंत पोकळ वाजली.
गिलाव्याचा पोपडा सुटला, आतून
नदीचा गाळ निघाला, ओंजळभर, अजून मऊ.
"ह्यात काय बोल्ट धरत न्हाई," तो म्हणाला.
रेघेच्या वर मात्र धरला.
तिथून लोखंडी चौकट टांगली,
भिंतीपासून दोन इंच सोडून.
दोन ओल्या गोष्टी एकमेकींना टेकू द्यायच्या नसतात.

खिसे मी शिवले.
तीस वर्षं लोकांचे खिसे शिवतेय,
चोरखिसे, घड्याळाचे खिसे,
भाजीवाल्या मावशींच्या कमरेचा बटवा.
मुळांसाठी पहिल्यांदाच.
जाड फेल्ट, नायलॉनचा दोरा, दुहेरी टीप,
तळाची शिवण जरा सैल, पाणी जायला.
चोवीस. त्यातला एक उलटा शिवला गेला,
तसाच ठेवलाय.

माधवनगर रोडचा नर्सरीवाला म्हणाला,
"ऊन येतंय का घरात?"
येतं की, अकरा ते साडेअकरा,
तेही बोळातल्या दोरीवरच्या कपड्यांतून उरलेलं.
मग त्यानं मनी प्लांट दिला, सिंगोनियम, दोन नेचे,
आणि एक पांढरा दिवा लावायला सांगितलं.
आता रात्री झाडं आणि माझं मशीन
एकाच उजेडात काम करतात.

पाणी मी गाळून घालते. सवय.
सासूबाईंचंच गाळणं, चार पदरी.
वरच्या ओळीला पेलाभर, मधल्या ओळीला अर्धा,
खालच्या ओळीला काही नाही.
वरचं पाणी खाली येतं
हे सांगलीत कुणाला शिकवावं लागत नाही,
कोयनेचं दार उचललं की इथं आम्ही गाद्या उचलतो.
तरी पहिल्या महिन्यात विसरले,
सगळ्यांना सारखंच घातलं.
दोन्ही नेचे तळाला होते. कुजले.

मग चिलटं आली.
कपबशीत, सुईच्या नेढ्यापाशी, भरतेशच्या चष्म्यावर.
नर्सरीवाला म्हणाला, "एक फवारा मारा, खल्लास."
बाटली आणली. तीन दिवस फ्रीजवर तशीच.
दिवस मावळल्यावर आम्ही जेवत नाही,
न दिसणारा जीवही ताटात जाऊ नये म्हणून,
आणि ही तर डोळ्यांसमोर उडणारी.
शेवटी पाणीच तोडलं. नऊ दिवस.
सिंगोनियमनं मान टाकली.
मी येता-जाता फेल्टमध्ये बोट घालून बघायची,
तापातल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसं.
चिलटं गेली.
कुठं गेली, कशी गेली, ते मी स्वतःला विचारलं नाही.

ऑगस्टात पाऊस लागून राहिला
आणि कराडहून नणंदेचा फोन.
हॅलो नाही, बऱ्या आहात का नाही,
एकदम, "पाणी किती?"
आमच्याकडं याचा अर्थ एकच,
आयर्विन पुलाजवळ, फुटांत.
मी तेव्हा झाडांखालचा ट्रे पुसत होते.
"दोन बोटं," तोंडातून गेलं.
पलीकडं शांतता. मग ती हसली, मग मी,
मग दोघीही गप्प.
मग मी खरा आकडा सांगितला.

फोन ठेवून चौकटीचे बोल्ट मोजले. सहा.
पाना मशीनच्या खणात आहे,
बॉबिनच्या डबीशेजारी.
मग वरच्या ओळीला पेलाभर घातलं,
आणि खाली पहिला थेंब पडेपर्यंत
तिथंच उभी राहिले.